उलटा अंथरलेला बर्फ

सुधाकर भैयाने नंदा वहिनीला फसवलं. पैशात फसवलं असतं तर मी त्याच्या दारात बसून वसूल केलं असतं. ती विद्या मला येते. त्याने तिचा एक हिवाळा खाल्ला. गेलेला हिवाळा कसा वसूल करायचा ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

सुधाकर भैयाला ओळखत नाही असा मराठी माणूस रायपुरात सापडणं कठीण. भनपुरीला ट्रान्सपोर्टचं मोठं गोदाम, प्रत्येक ट्रकच्या माथ्यावर तिरंगा, प्रत्येक भाषणाची सुरुवात ‘राष्ट्र प्रथम’ने. नंदा वहिनीला मात्र आमच्या पाऱ्याबाहेर, म्हणजे मोहल्ल्याबाहेर, कोणी ओळखत नव्हतं. म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते. भैयाकडे येतेच.

गोल बाजारामागच्या गल्लीत माझं जाळी, दोर आणि ताडपत्रीचं दुकान आहे. आम्ही भंडाऱ्याकडचे ढीवर, मासेमार. नवरा गेला तेव्हा मी डोक्यावर जाळ्यांचं गाठोडं घेऊन अभनपूरच्या बाजारात जमिनीवर बसत होते. आज माझं शटर आहे, पाटी आहे. भाव करताना माझ्यापुढे कोणी टिकत नाही आणि माझा आवाज चढला की समोरचा चहावाला गॅस बारीक करतो.

युक्रेनवर लढाई आली त्याच वर्षी, उन्हाळ्यात, दुकानात एक उंच, गोरी, पांढऱ्या केसांची बाई आली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं कोणी परदेशी पाहुणी वाट चुकली. मी म्हटलं, “मॅडम, क्या चाहिए?”

ती म्हणाली, “चार बोटांची जाळी दाखव, बाई. अन् हिंदी काहून बोलून राहिली? पाटी तर मराठीत लावली.”

माझ्या हातातला चहा सांडला. मी जाळी काढून दिली. तिने ती दोन्ही हातांनी ताणली, चेहऱ्यासमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.

“तू दिसून राहिली,” ती म्हणाली.

“दिसणारच. जाळी आहे ते, भिंत नाही.”

“मले अशी पाहिजे का मी मागं बसली तर तुले दिसली नाई पाहिजे.”

आयुष्यभर लोकांनी मला विचारलं आहे की या जाळ्यात केवढा मासा अडकेल. यात माणूस लपेल का, असं विचारणारी ती पहिली. मी भाव सांगितला. तिने जाळीची एक गाठ नखाने उकलली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “ही गाठ मासा सोडवते. शकुन, भाव मंग सांग, अगोदर माल सांग.” माझं नाव तिने पाटीवर वाचलं होतं. त्या दिवशी मी आतला, कोळ्यांसाठी राखून ठेवलेला माल बाहेर काढला आणि मी सांगितलेल्या दराने नाही, तिने लावलेल्या दराने दिला. हरल्यावर मला राग येतो. तिच्यावर आला नाही, याचा राग मात्र संध्याकाळपर्यंत होता.

तिचं मूळ नाव नादिया. युक्रेनमधल्या खारकीवची. आमच्या पाऱ्यातले डॉक्टर गजभिये तरुणपणी तिकडे डॉक्टरकी शिकायला गेले आणि परतताना हिला घेऊन आले. सासूने स्टेशनवरच तिचं नाव नंदा ठेवलं आणि चुलीपाशी बसवून स्वतःची बोली शिकवली, म्हणून ही खारकीवची बाई उमरेडच्या म्हातारीसारखं बोलायची. तिची मुलगी सुजाता आईला हिंदीत उत्तर द्यायची आणि ही तिला मराठीत रागवायची. डॉक्टर लढाईच्या आधीच वारले. सुजाता नोकरीनिमित्त पोलंडला. घरात एकटी वहिनी, आणि तिकडे खारकीवजवळ तिचा भाऊ आणि भाचा तारास. तारास लढाईत जखमी माणसं उचलून आणायची गाडी चालवायचा.

ही गाडी वरून दिसली की तिच्यावर मारा होतो, असं वहिनीने मला सांगितलं. वरून म्हणजे आकाशातून फिरणाऱ्या यंत्रांना. म्हणून गाडीवर जाळी टाकायची आणि जाळीच्या घराघरातून कापडाच्या पट्ट्या ओवायच्या. जमिनीचा जो रंग, तोच पट्ट्यांचा. तिकडे गावोगावी बाया शाळेत, वाचनालयात बसून हेच करतात. वहिनीने ते रायपुरात, आपल्या मागच्या व्हरांड्यात सुरू केलं. खिळ्यांवर माझी जाळी ताणलेली, खाली जुन्या कापडांचा ढीग, आणि दुपारची कामं उरकून येणाऱ्या पाऱ्यातल्या बाया. तयार जाळी ती सुजाताला पाठवायची, सुजाता सीमेपर्यंत नेऊन द्यायची.

तिची एक सवय आम्हाला आधी विचित्र वाटायची. ती तिकडच्या हवेत जगायची. मे महिन्यात इथे डांबर वितळायचं आणि ही दारातून आत येत म्हणायची, “आज पाऊस आहे. चिखल झाला. तपकिरी कापड काढा.” आमच्याकडे दिवाळीतही पंखे फिरत असताना तिच्या अंगावर काटा यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, “वहिनी, घाम तर पुसा अगोदर.” तिने पदराने कपाळ पुसलं. “ज्याच्या थंडीनं आपल्याले हुडहुडी भरते ना शकुन, तो आपला देश.”

“अन् हा? हा कोणाचा?”

“हा पण माहा. भाकर काय एका हातानं थापतेस तू?”

लोक बोलायचेच. कोणी म्हणायचं, इथलं अन्न खाऊन दुसऱ्या देशाचं काम करते. ती हात न थांबवता उत्तर द्यायची, “सासरी सुख आहे म्हणून माहेर जळताना पाहात बसू का?” आणि व्हरांड्यातल्या बाया तिकडच्या बातम्यांवर हळहळायला लागल्या की तिचं ठरलेलं वाक्य यायचं: “हव, हव. तोंड चालवा, पण हातही चालवा.”

मग आला हिवाळा, आणि तारासचा फोन. बर्फ पडला होता. पांढऱ्या मोकळ्या शेतात त्याची गाडी ताटातल्या माशीसारखी दिसत होती. तपकिरी जाळ्यांनी उलट जास्तच दिसायची. पांढऱ्या हव्यात, खूप हव्यात, आणि बर्फ आहे तोवरच हव्यात.

रायपुरात एवढं पांढरं कापड आणायचं कुठून? चादरी आणल्या, त्या चार गाड्यांनाही पुरल्या नाहीत. एका रविवारी वहिनी मला घेऊन विहारात गेली. वंदना नुकतीच संपली होती. समोर ओळीने बसलेल्या साऱ्या बाया पांढऱ्या साड्यांत. त्यांच्या घरी लग्नाची साडी पांढरी, वंदनेची पांढरी, सणाची पांढरी. वहिनी उभी राहिली आणि तिने सरळ मागितलं.

 मागून एक आजोबा म्हणाले, “नंदाबाई, हे बुद्धाचं घर आहे. लढाईचं सामान इथं काहून मागता?”

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, आणि ते बरं नव्हतं. वहिनीने माझा दंड दाबला. “काका, घार आली का कोंबडी पिल्लायवर पंख टाकते. ती घारीले मारत नाई. मी पंख मागून राहिली.”

बाया आपापल्या पदराकडे पाहायला लागल्या. साडी मागणं सोपं असतं. लग्नाची साडी कात्रीखाली घालणं सोपं नसतं, हे मलाही कळत होतं. वहिनीने पिशवीतून आपली लग्नाची साडी काढली. पांढरी, निळ्या काठाची. सासूने नेसवलेली. ती तिथेच जमिनीवर बसली, आधी काठ उसवला आणि मग कापायला लागली. विहारात फक्त कात्रीचा आवाज. डॉक्टरांच्या आईची मैत्रीण कौसल्याबाई, ऐंशीला टेकलेली, उठली. मला वाटलं रागावणार. तिने वहिनीच्या हातातून कात्री घेतली. “तिरपी कापून राहिली तू. सरक.” आणि तिने उरलेली साडी सरळ कापून दिली. त्या दुपारपासून व्हरांड्यात पांढऱ्या साड्या येत राहिल्या.

निळे काठ उरले. बर्फावर निळं चालत नाही. पण वहिनीने ते टाकू दिले नाहीत. प्रत्येक जाळीच्या आतल्या अंगाला, चारही कोपऱ्यांत, तिने निळ्या काठाचा एकेक तुकडा बांधला. वरून दिसणार नाही, खाली बसलेल्याला दिसेल. मी म्हटलं, कशाला हा उपद्व्याप? ती म्हणाली, “पांघरूण कोण्या घरून आलं, ते आतल्याले समजलं पाहिजे.”

सुधाकर भैया आला तो इथे. जाळ्यांचा ढीग छताला लागला होता आणि एवढं सगळं कुरिअरने धाडणं वहिनीच्या आवाक्यात नव्हतं. कोणीतरी त्याला बातमी दिली. पांढरी गाडी, मागे फोटोवाला. तो वहिनीच्या पाया पडला. “भाभीजी, माझ्या संस्थेचं सामान दिल्लीवरून विमानानं बाहेर जाते. तुमचा एक पैसा नाई लागत. पंधरा दिवसात पोलंड. भैयाची जबान आहे.” शेजारच्या मैदानात मंडप उभा राहिला, माईक आला. वहिनीला शाल, जाळ्यांना हार. भैया बोलला, “भारतमाता की बेटियाँ दुनिया की रक्षा करेंगी!” मी पुढे होऊन विचारलं, पोच कधी मिळेल? तो हसला. “शकुनबाई, तुम्ही व्यापारी लोक. देशसेवेत पावती नाई मागत.” लोकही हसले. ते हसणं माझ्या कानात अजून आहे.

ट्रक भरून जाळ्या गेल्या. मग वाट पाहणं सुरू झालं.

पंधरा दिवस झाले, सुजाताकडे काही पोचलं नाही. भैयाला फोन केला की “निघालं”, मग “दिल्लीत आहे”, मग “कस्टमवाले बघून राहिले”. वहिनी रोज दुकानात येऊन माझ्या स्टुलावर बसायची आणि तिकडची हवा सांगायची. “आजही बर्फ आहे.” दुसऱ्या दिवशी, “आजही आहे.” बर्फ आहे म्हणजे जाळी अजून कामाची आहे, बर्फ आहे म्हणजे तारास अजून उघड्यावर आहे. दोन्ही एकाच वाक्यात.  मी भनपुरीला गेले. गोदामाच्या दारावर रखवालदाराने अडवलं: भैया बाहेर गेले आहेत, आत जायची परवानगी नाही. मी इतकी ओरडले की ट्रकवाले गोळा झाले. दार उघडलं नाही.

सव्वीस जानेवारीला भनपुरीच्या शाळेच्या मैदानावर भैयाचा मोठा कार्यक्रम होता. मी वहिनीला म्हटलं, चला, तिथे तो सुटायचा नाही. सकाळची वेळ, ऊन कोवळं. आम्ही दोघी मागून आत शिरलो. मैदानाच्या मधोमध एका ट्रकवर हिमालय उभा केला होता, आणि हिमालयावर खोट्या बंदुका घेतलेले, फौजी कपड्यातले शाळेचे पोट्टे. पांढरा शुभ्र हिमालय. त्याच्या उतारावर ठिकठिकाणी निळे तुकडे फडफडत होते.

माझ्या शेजारी एक बाई आपल्या नातीला सांगत होती, “देख बेटा, नदियाँ भी बनाई हैं.”

आमच्याच जाळ्या उलट्या अंथरल्या होत्या. आतलं अंग वर. वहिनीने माझा हात धरला. तिची बोटं थंडगार होती. मी ओरडण्यासाठी श्वास घेतला आणि त्याच क्षणी माईकवर राष्ट्रगीत सुरू झालं.

मला हलता येईना. मैदानात सगळे ताठ उभे. मंचावर भैया छाती काढून, डोळे मिटून. मी दातांवर दात रोवून उभी होते, आणि माझ्या शेजारी वहिनी गात होती. स्वच्छ आवाजात, सगळे शब्द, शेवटपर्यंत. समोर तिची लग्नाची साडी हिमालय झाली होती, आणि ती हात सरळ ठेवून गात होती. पुढे कितीही वर्षं जगले तरी ते राष्ट्रगीत मी विसरणार नाही.

संपलं तशी ती ट्रककडे चालत गेली. वर जाऊन तिने पहिल्यांदा पोरांना उतरवलं. सगळ्यात लहान होता त्याला कडेवर घेऊन खाली ठेवला, त्याची टोपी सरळ केली. मग ती जाळ्या सोडायला लागली. मी दुसरं टोक धरलं. मंचावरून भैया धावत आला.

“भाभीजी, हे काय? राष्ट्रीय कार्यक्रम आहे! माल अटकला होता, तोवर देशाच्या कामी आला तर काय बिघडलं? तुम्ही पण भारतीयच ना आता?”

वहिनीने घडी घालणं थांबवलं नाही. “तुमचा बर्फ खोटा आहे, भाऊ. माह्या भाच्याचा खरा आहे.”

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “इतना प्यार है तो वहीं चली जाओ!” काही लोक हसले. माझ्या हातात दोराचा गुंडा होता. तो कोणाच्या डोक्यात बसला असता ते सांगता येत नाही. पण वहिनीने त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि दुकानात भाव पटल्यावर म्हणायची तशी म्हणाली, “हव. जातो.”

ती खरंच गेली. सुजाताकडे जायचा व्हिसा तिच्याजवळ होताच. सगळ्या जाळ्या नेणं शक्य नव्हतं. ज्या धड होत्या, खिळ्यांनी फाटल्या नव्हत्या, त्या निवडल्या. माझ्या दुकानाच्या काट्यावर आम्ही तिच्या बॅगा तोलल्या. वजन जास्त भरलं की ती स्वतःचं काहीतरी बाहेर काढायची. साड्या काढल्या. चपला काढल्या. डॉक्टरांचा फ्रेम केलेला फोटो काढला, काच काढून फेकली, नुसता कागद आत सरकवला. मी जन्मभर घासाघीस केली, पण स्वतःशी अशी घासाघीस करणारं माणूस पाहिलं नव्हतं. “अवो, नेसाल काय तिकडे?” मी म्हटलं. “जे देतील ते. मले साऱ्या जगानं साड्याच दिल्या आजवर.”

विमानतळाच्या दारात ती डॉक्टरांचा जुना ओव्हरकोट घालून उभी होती, कारण तो बॅगेत मावत नव्हता. ऊन चटकत होतं. कोटाच्या आत ती घामाने निथळत होती आणि तरी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पहारेकरी म्हणाला, “माताजी, ठंड लग रही है क्या?”

“हव,” ती म्हणाली. मला जवळ घेतलं. “शकुन, व्हरांड्याची चाबी तुह्यापाशी. हात चालवा.” आणि आत गेली.

तारासच्या गाडीवर मारा झाल्याचं तिला पोलंडमध्ये पोचल्यावर कळलं. सुजाताने तोवर लपवून ठेवलं होतं. जाळ्या भनपुरीच्या गोदामात पडल्या होत्या त्याच दिवसांत तो झाला, मोकळ्या पांढऱ्या शेतात. तारास वाचला, एक पाय गेला. त्याच्या शेजारी बसणारी नर्स वाचली नाही. वहिनी तरीही सीमा ओलांडून पुढे गेली आणि जाळ्या तारासच्या तुकडीला दिल्या. दुसऱ्या गाडीवर टाकल्या. तिने मला फोटो पाठवला: बर्फाचं शेत, आणि शेतात काहीच नाही. खाली लिहिलं होतं, “शोध.” मला गाडी सापडली नाही. मी तो फोटो दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक विचारतात, यात आहे काय? मी म्हणते, बघा.

ती परत आली नाही. तिकडे भावाच्या घराजवळच्या शाळेत बायांसोबत जाळ्या करते. इकडे आमचा व्हरांडा चालू आहे. कौसल्याबाई अजून सगळ्यांना सरळ कापायला शिकवते. वहिनीचा फोन आला की पहिल्यांदा ती विचारते, “रायपुरात ऊन किती?” आता तिला आमचं ऊन लागतं. मी एकदा धीर करून विचारलं, “वहिनी, जाळी असती तर ती नर्स पोट्टी वाचली असती का?”

 ती म्हणाली, “ते मी नाई सांगू शकत, शकुन. कोणीच नाई सांगू शकत. पण जाळी नव्हती, हे सांगू शकतो.”

भैयाच्या ऑफिसात आजही मंडपातला तो फोटो लावलेला आहे: हार घातलेल्या जाळ्या, शाल पांघरलेली वहिनी, मधे भैया. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगतो, आम्ही युक्रेनला मदत पाठवली. समाजातले चार भले लोक मला म्हणाले, शकुनबाई, जाऊ द्या, मोठा माणूस आहे, देशासाठी किती करतो. मी जाऊ देणार नाही. देशासाठी काय करतात ते मी राष्ट्रगीताच्या वेळी माझ्या शेजारी उभं राहिलेलं पाहिलं आहे.

सुधाकर भैया, तुम्ही म्हणाला होता, देशसेवेत पावती मागत नाहीत. मी व्यापारी बाई आहे, मी मागते. त्या नर्सचं नाव वहिनीने मला सांगितलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. गोल बाजारामागच्या गल्लीत माझं शटर रोज उघडं असतं. या, माझ्यासमोर उभे राहा, मी ते नाव तुमच्या तोंडावर सांगते. मग तुम्ही सांगा, ती त्या गाडीत बसली तेव्हा आमची जाळी कुठे होती?